शिफ्टमध्ये मावेल असे ऑनलाइन प्रशिक्षण: गोव्यातील हॉटेल आणि कारखान्यांसाठी

मे सरता सरता किनाऱ्यावरचे शॅक उतरतात, हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या पडू लागतात आणि एचआर विभागाला प्रशिक्षणाची आठवण होते. मग शेकडो कोर्स असलेली एखादी लायब्ररी वर्षाच्या बोलीने घेतली जाते, सगळ्यांना लॉगिन वाटले जातात, पहिला आठवडा बरा जातो. ऑक्टोबरात सीझन लागेपर्यंत तिथे एचआरखेरीज कुणी फिरकत नाही. लोकांना शिकायचे नसते, असे यावर सांगितले जाते. खरे कारण बहुधा साधे असते: कोर्स त्यांच्या कामाचा नसतो आणि तो पाहायला शिफ्टमध्ये जागा ठेवलेली नसते.

पुढची पद्धत ४० ते २०० माणसांच्या जागेसाठी आहे. बार्देशातले रिसॉर्ट असो, पणजीतले हॉटेल असो की वेर्णा, कुंडई, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतला मध्यम कारखाना. सामान फार लागत नाही: बऱ्या कॅमेऱ्याचा एक फोन, एक कॉलर माइक, एक स्टँड आणि कामात मुरलेल्या सुपरवायझरचे आठवड्यातले तीन-चार तास. हे शेवटचे मिळवणेच सर्वांत अवघड.

आधी एक काम निवडा

‘ग्राहकसेवा’, ‘सुरक्षितता’, ‘संवादकौशल्य’ हे विषय झाले, कामे नव्हेत. तक्रारवही, फुटतुटीची नोंद, रिजेक्शनचा तक्ता, डेव्हिएशन रिपोर्ट (ठरलेली रीत चुकल्याची नोंद) असे जे काही असेल ते मागच्या तीन महिन्यांचे काढा आणि पुन्हापुन्हा बिघडणारी पाच कामे लिहा. ‘बुफेवरच्या पदार्थाचे तापमान घेऊन नोंदवणे’ हे काम झाले. ‘लेबल बदलल्यावर लाइन क्लिअरन्स घेणे’ (आधीचा माल, लेबले हटल्याची खात्री करणे) हेही काम झाले. एका पाठात एवढेच.

मग प्रत्येक कामाला एक प्रश्न लावा: उद्या जनरल मॅनेजर शेजारी उभे राहिले तर हा माणूस हे काम बरोबर करेल का? करत असेल, तर त्याला ते येते. अडचण दुसरीकडे आहे. तीन किचनमध्ये मिळून एकच थर्मामीटर असेल आणि त्याची बॅटरी संपलेली असेल, तर कितीही व्हिडिओ दाखवा, वहीत ६५, ६५, ६५ असेच आकडे दिसतील. अशी कामे यादीतून काढून थर्मामीटर विकत घ्या. पाचांपैकी दोन कामे या प्रश्नावरच गळाली तरी आश्चर्य वाटू देऊ नका.

माणसे, भाषा, फोन

पाठ लिहिण्याआधी एका पानाची पाहणी करा. प्रत्येकाकडून तीनच गोष्टी हव्यात: कोणती भाषा ऐकून नीट कळते, कोणती लिपी सहज वाचता येते, फोनमध्ये किती जागा रिकामी आहे. गोव्यात पहिले दोन प्रश्न वेगळे विचारावेच लागतात. सासष्टीतला एखादा कर्मचारी कोंकणी उत्तम बोलतो, पण वाचतो रोमी लिपीत. देवनागरीतली कोंकणी त्याला अडखळत वाचावी लागते. पेडणे-डिचोली-सत्तरीकडचा माणूस मराठी सहज वाचतो. हाउसकीपिंग आणि किचनमध्ये कर्नाटक, ओडिशा, नेपाळमधून आलेली मुले असतात, त्यांना हिंदी ऐकून कळते, पण वाचण्याचा वेग प्रत्येकाचा वेगळा. म्हणून पडद्यावर मजकूर कमीत कमी ठेवा. चित्र सगळ्यांना एक, आवाज दोन किंवा तीन भाषांत, आणि आकडे मोठ्या अक्षरांत. इतके केले की नव्वद टक्के भांडण मिटते.

औषध कारखान्यात उत्पादन विभागात फोन नेता येत नाही, सॉल्व्हंट हाताळतात तिथे तर ठिणगीच्या भीतीने मुळीच नाही. तिथे चेंज रूमच्या अलीकडे भिंतीला टॅब्लेट लावा. पंधरा-वीस माणसांमागे एक टॅब्लेट पुरतो, पण पाळी बदलताना गर्दी होते. पाठ पाळी सुरू होण्याआधी पाहायचा की मधल्या सुटीनंतर, हे सुपरवायझरशी बोलून ठरवा.

पाठ कसा लिहायचा

लांबी ३ मिनिटे, फार तर ४. २०१४ मध्ये फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्समधील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रे तपासली, तेव्हा सहा मिनिटांहून लहान व्हिडिओ सर्वांत जास्त पाहिले जातात असे दिसले. ते विद्यार्थी स्वखुशीने आलेले होते. आपला माणूस आठ तास उभा राहून आलेला असतो, तेव्हा त्याहून कमीच बरे. सावकाश, स्पष्ट बोलण्यात मिनिटाला ११० ते १२० मराठी शब्द जातात, म्हणजे तीन मिनिटांची संहिता साधारण साडेतीनशे शब्दांची. लिहून मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. पहिला खर्डा हमखास दुप्पट भरतो.

सुरुवातीला कंपनीचे बोधचिन्ह फिरवू नका, व्यवस्थापकांचा संदेश तर नकोच. पहिल्या दहा सेकंदांत चूक दाखवा, मग बरोबर रीत, मग कारण, शेवटी एक प्रश्न. बुफेच्या तापमानाचा पाठ असा बसतो:

१. चूक: प्रोब (थर्मामीटरची टोकदार सळी) भांड्याच्या तळाला टेकला आहे, आकडा ७२ दिसतो. प्रोब वर उचलून पदार्थाच्या मध्यात धरला की आकडा ५४ वर उतरतो. याला एकही शब्द लागत नाही.

२. रीत: पदार्थ ढवळा. प्रोब अल्कोहोल स्वॅबने पुसा. सर्वांत जाड भागात, मध्यापर्यंत घाला. तळ आणि कडा टाळा. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, मगच वाचा. लगेच नोंदवा. पुढच्या पदार्थाआधी पुन्हा पुसा.

३. मर्यादा: गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड ५ च्या खाली. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात.

४. कमी भरले तर काय: चेफिंग डिश (खाली आच ठेवलेले बुफेचे भांडे) गरम पदार्थ गरम ठेवते, थंड झालेला पुन्हा तापवत नाही. पदार्थ किचनमध्ये परत न्यायचा, शेफला सांगायचे, जेल फ्युएलचा डबा संपला आहे का ते पाहायचे.

चौथी पायरी बहुतेक पाठांत सापडत नाही आणि प्रत्यक्षात माणूस अडतो तिथेच. बरोबर असताना काय करायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. आकडा ५४ आला आणि समोर पाहुण्यांची रांग आहे, तेव्हा काय करायचे हे कुणी सांगितलेले नसते. मग तो वहीत ६२ लिहितो. पाठाचा एक-तृतीयांश वेळ बिघडलेल्या परिस्थितीला द्या.

याच्या जोडीला एक मिनिटाचा वेगळा पाठ करा: थर्मामीटर खरा सांगतो का ते पाहणे. ग्लासभर चुरलेला बर्फ, तो भिजेल एवढेच पाणी, ढवळून दोन-तीन मिनिटे थांबायचे आणि प्रोब मधोमध धरायचा. आकडा ० च्या आसपास हवा. पाणी जास्त नि बर्फ कमी झाला तर आकडा वर दिसतो आणि चांगला थर्मामीटर विनाकारण बाद होतो.

चित्रीकरण आणि आवाज

फोनवर पाहणार असतील तर फोन उभा धरूनच चित्रीकरण करा, टॅब्लेटसाठी आडवा. कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्यामागून लावा. समोरून घेतल्यास डावे-उजवे उलटते आणि व्हॉल्व्ह फिरवण्यासारख्या कामात नेमका तिथेच घोटाळा होतो. हातांवर उजेड पडू द्या, चेहरा दिसला नाही तरी चालते.

पावसाळ्यात दोन अडचणी ठरलेल्या. एसी ऑफिसमधला फोन थेट दमट किचनमध्ये नेला की लेन्सवर वाफ धरते. १५ मिनिटे आधी नेऊन ठेवा. दुसरी पत्र्याच्या छपरावरचा पाऊस, त्यापुढे कोणताही माइक टिकत नाही. चित्रीकरणाच्या वेळच्या आवाजाचा नाद सोडा आणि निवेदन नंतर वेगळे नोंदवा. हॉटेलात त्यासाठी लिनन रूम उत्तम: चादरी-टॉवेलांच्या थप्प्या प्रतिध्वनी शोषून घेतात. कारखान्यात खिडक्या बंद केलेली मोटारसुद्धा चालते. माइक हनुवटीपासून वीतभर खाली, कपड्याला घासणार नाही असा लावा.

फोनमधून निघालेली फाइल जशीच्या तशी पाठवू नका. फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला १७ मेगाबिट दराने नोंदला गेला तर तीन मिनिटांची फाइल ३८० एमबीच्या आसपास जाते. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये आकार ७२०पी आणि दर १ मेगाबिट ठेवला की तीच २२-२३ एमबीवर येते, अर्ध्या मेगाबिटला ११-१२. सांगे, केपे, सत्तरीच्या आतल्या गावांत राहणाऱ्यांसाठी ही दुसरी आवृत्तीही ठेवा. उभ्या व्हिडिओत रुंदी ७२० आणि उंची १२८० आहे ना, ते तपासा; उलटापालट झाली की आकडे पुसट दिसतात.

एआयने तयार केलेला आवाज आणि भाषांतर हा या घडीचा मोठा कल आहे आणि त्यात वेळ खरोखर वाचतो. मराठी आणि हिंदी निवेदन त्याने बरे होते. कोंकणीचे मात्र सांभाळून. गूगल ट्रान्सलेटमध्ये ती मे २०२२ मध्ये आली, पण किचन-प्लांटमधली बोली यंत्राला नीट येत नाही आणि ऐकणारे हसायला लागले की पाठ बुडाला. कोंकणी निवेदन घरच्याच माणसाकडून करून घ्या. कोणत्याही भाषेचे यंत्री भाषांतर त्या भाषेच्या एका कामगाराला ऐकवल्याशिवाय बाहेर सोडू नये, विशेषतः ‘करू नका’ असलेली वाक्ये. आणि कंपनीची एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत), पाहुण्यांची किंवा कर्मचाऱ्यांची माहिती मोफत एआय साधनात टाकू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा लक्षात असू द्या.

पाठ ठेवायचे कुठे

पन्नासपर्यंत माणसे असतील तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि गूगल फॉर्म पुरे. ग्रुपची सेटिंग ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ अशी ठेवा, नाहीतर दुपारपर्यंत पाठ ‘सुप्रभात’च्या फुलांखाली गाडला जातो. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरायची असेल तर ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच मेसेज जातो. ‘मला आलेच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण खरे बोलत असतात.

त्याहून जास्त माणसे असली, किंवा ऑडिटरला नोंदी दाखवायच्या असल्या, की एलएमएस (पाठ आणि नोंदी सांभाळणारी संगणक प्रणाली) हवी. त्यातली मूडल २००२ पासून चालू आहे, मोफत आहे, पण सर्व्हरचा खर्च आणि सांभाळणारा माणूस लागतो. सशुल्क सेवा घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: आमचे पाठ स्कॉर्म (बहुतेक एलएमएसमध्ये चालणाऱ्या) स्वरूपात बाहेर काढता येतील का, करार संपल्यावर नोंदी कोणत्या स्वरूपात मिळतील, नेट नसताना पाठ चालतो का. पहिल्या दोन प्रश्नांना गुळमुळीत उत्तर आले तर पुढे जाऊ नये. पॉइंट, बॅज, लीडरबोर्ड यांसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. पहिले दोन आठवडे गंमत वाटते, नंतर तेच पाच जण वर आणि बाकीचे कायमचे खाली.

सर्वांत जास्त उपयोगी पडते ती गोष्ट मात्र जवळपास फुकट आहे: कामाच्या जागी चिकटवलेला क्यूआर कोड. डिशवॉशरशेजारी डिशवॉशरचा पाठ, बॉयलर रूमच्या दारावर बॉयलरचा. फूटभर अंतरावरून स्कॅन करायचा तर कोड किमान ३ सेंटीमीटरचा हवा. जितके अंतर, त्याच्या एक-दशांश हा साधा हिशेब. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट उमटते, तेव्हा मॅट घ्या. मोफत संकेतस्थळांवर बनवलेले काही ‘डायनॅमिक’ (मधल्या संकेतस्थळामार्गे उघडणारे) कोड चाचणीची मुदत संपली की बंद पडतात. थेट लिंकचा साधा स्थिर कोड घ्या आणि फाइल बदलली तरी लिंक तीच राहील अशी सोय करा.

चाचणी

पाठ पाहिला म्हणजे शिकला, या समजुतीत ऑनलाइन प्रशिक्षणाचे निम्मे पैसे वाया जातात. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने मजकूर पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवणारे. म्हणून पाठ पुन्हा दाखवण्यापेक्षा प्रश्न पुन्हा विचारा: त्याच दिवशी, मग दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने. दर वेळी दोन-तीन प्रश्न पुरतात.

चुकीचे पर्याय कल्पनेने बनवू नका. प्रत्यक्षात होणाऱ्या चुकाच पर्याय म्हणून द्या. ‘आकडा ५४ आला. काय कराल?’ याखाली ‘फ्युएल वाढवून तिथेच ठेवतो’, ‘दहा मिनिटांनी पुन्हा मोजतो’, ‘किचनमध्ये परत पाठवतो आणि शेफला सांगतो’ असे असावे. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय बंद करा. लोक डोळे मिटून तोच निवडतात. गूगल फॉर्ममध्ये पर्यायांचा क्रम बदलण्याची सोय चालू ठेवा आणि कर्मचारी क्रमांक सक्तीचा करा. तरीही एकच फोन हातोहात फिरून दहा जणांची उत्तरे भरली जातात. वेळेच्या रकान्यात हे लगेच कळते: दहा फॉर्म सहा मिनिटांत, सगळे पैकीच्या पैकी. अशा वेळी ओरडू नका, त्या पाळीला चाचणीसाठी वेळ दिला होता का ते पाहा.

शेवटची परीक्षा हाताची. सुपरवायझरने पाच ओळींचा तक्ता घेऊन कामावर उभे राहायचे आणि प्रत्येक पायरीला फक्त ‘केली’ किंवा ‘नाही’ लिहायचे. ‘चांगले’, ‘बरे’, ‘ठीक’ असे रकाने ठेवले की सगळ्यांना ‘चांगले’ मिळते.

वेळ कुठून काढायचा

पाठ कामाच्या पगारी वेळेतच. घरी जाऊन पाहा म्हटले की कदंबच्या बसमध्ये उभ्याने, अर्धा डेटा संपलेल्या फोनवर तो पाहिला जातो, किंवा जात नाही. पाळीच्या आधीच्या ब्रीफिंगमध्ये १० मिनिटे राखा: तीन मिनिटे पाठ, दोन मिनिटे प्रश्न, पाच मिनिटे प्रत्यक्ष. आठवड्याला एकच नवा पाठ.

हॉटेलांनी नवे पाठ जून ते ऑगस्टमध्ये उरकावेत. चतुर्थीच्या आठवड्यात काही ठेवू नका, अर्धा स्टाफ गावी असतो आणि तो असायलाच हवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात सीझनपुरते नवे लोक येतात. त्यांच्यासाठी पहिल्या तीन दिवसांचे सहा-सात पाठ तयार हवेत. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव आणि डिसेंबरात नाताळ-नववर्ष, या काळात फक्त उजळणीचे प्रश्न. कारखान्यांना असा सीझन नसतो. तिथे वार्षिक शटडाउनच्या आधीचे पंधरा दिवस सोडून बाकी कधीही चालते.

कायद्याने लागणारे प्रशिक्षण

हे वेगळे ठेवा, त्याची मोजपट्टी वेगळी आहे. खाद्यव्यवसायात फॉसटॅक या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या प्रशिक्षण योजनेखाली दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे किमान एक प्रशिक्षित सुपरवायझर लागतो. तुमचा पाठ कितीही चांगला असला तरी तो त्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यातील कलम १९ प्रमाणे ठरावीक काळाने कार्यशाळा घेणे ही मालकाची जबाबदारी आहे. यासाठी नुसता व्हिडिओ चालवू नका. समितीचे सदस्य समोर बसलेले दिसले की तक्रार कुणाकडे करायची ते कळते.

औषध कारखान्यात डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने शेड्यूल एम (औषधनिर्मितीच्या चांगल्या पद्धतींचे नियम) सुधारले गेले आहे, आणि अमेरिकेला माल जात असेल तर १९९७ पासूनचा ‘पार्ट इलेव्हन’ (इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचा अमेरिकी नियम) लागतो. त्यात इलेक्ट्रॉनिक सही एकाच व्यक्तीची असावी लागते. पाळीतल्या सगळ्यांनी सुपरवायझरच्या लॉगिनवर पाठ ‘पूर्ण’ केले, ही ऑडिटमध्ये सापडणारी सोपी चूक. नोंदीत नाव, कर्मचारी क्रमांक, पाठाचा आवृत्ती क्रमांक, भाषा, तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव हवे. एसओपी बदलली की नवी आवृत्ती लागू होण्याच्या तारखेआधी प्रशिक्षण झालेले असावे. नंतरची तारीख दिसली की डेव्हिएशन लिहीत बसा.

सुपरवायझरांसाठी बाहेरचे कोर्स

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी स्वयम आणि एनपीटेल या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचांवर क्वालिटी, मेंटेनन्स, ऑपरेशन्स, व्यवस्थापन यांचे ४, ८ आणि १२ आठवड्यांचे कोर्स आहेत. शिकणे मोफत, परीक्षेला शुल्क. एनपीटेलमध्ये असाइनमेंटला २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ गुण. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० दोन्ही मिळवावे लागतात. कंपनीने परीक्षेचे शुल्क आणि त्या दिवसाची सुटी द्यावी. एकट्याने सुरू केलेले कोर्स तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतात, म्हणून एकाच कोर्सला दोघे-तिघे बसवा.

फरक पडला का

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्यासाठी मांडलेल्या चार पायऱ्या अजून कामाला येतात: आवडले का, शिकले का, वागणे बदलले का, निकाल बदलला का. बहुतेक ठिकाणी पहिलीच मोजली जाते, कारण हसऱ्या चेहऱ्यांचा फॉर्म भरून घेणे सोपे. तिसरी मोजा. सुपरवायझरचा पाच ओळींचा तक्ता पाठाआधी आठवडाभर आणि पाठानंतर चौथ्या आठवड्यात, त्याच पाळीत, त्याच वेळी भरा. बुफेच्या वहीत एक गोष्ट आवर्जून पाहा: पाठानंतर ६० च्या खालच्या नोंदी वाढल्या तर घाबरू नका. आधी त्या लपवल्या जात होत्या, आता लिहिल्या जात आहेत. दोन महिन्यांनी त्या कमी व्हायला हव्यात. झाल्या नाहीत, तर पाठ पुन्हा चित्रित करण्याआधी किचन ते बुफे हे अंतर, ट्रॉलीला लागणारा वेळ आणि फ्युएलच्या डब्यांचा साठा तपासा.